पिल्लांवरची मरळ

तुळिंजच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओच्या काचेत, एक नवरी आणि पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा घातलेली एक मुलगी यांच्या मधोमध, रुडॉल्फला त्याचा साडू दिसला. शुक्रवारची संध्याकाळ होती, ऑगस्ट अर्धा उलटला होता, रुडॉल्फच्या पिशवीत पाव आणि दुधी होता, आणि त्याच्या डोक्यात त्या क्षणापर्यंत काहीही नव्हतं. काचेतला बॅप्टिस्ट हसत होता. मागे स्टुडिओचा तो नेहमीचा रंगवलेला पडदा, निळं सरोवर आणि दोन राजहंस, आणि पुढे दोन्ही हातांवर आडवी, तान्हं मूल घ्यावं तशी, एक मरळ. रुडॉल्फ आधी माशाकडे बघणारा, माणसाकडे नंतर. त्याने लांबी पाहिली, मानेचा घेर पाहिला, शेपटीकडे फोटो जरा पुसट झाला होता तेही पाहिलं. मग त्याला वरचा ओठ दिसला. ओठात डावीकडे एक खाच होती, करंगळीचं नख मावेल एवढी. तो काचेच्या इतका जवळ गेला की काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली. आतून स्टुडिओवाला बाहेर आला आणि कौतुकाने सांगू लागला, की साडेतीन किलोची आहे, गास गावच्या तळ्यातली, साहेब ओल्या गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून घेऊन आले, फोटो काढला तेव्हा जिवंत होती, म्हणून शेपटी हललेली आली. तुमच्या ओळखीचे आहेत का, असं त्याने विचारलं. रुडॉल्फने नाही म्हणून सांगितलं आणि तो पुढे चालायला लागला.

साडू हे नातं कोणी काढलं कोण जाणे. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही, आणि तरी जन्मभर एका पंगतीत बसायचं. थोरली रेजिना रुडॉल्फला दिली होती, धाकटी बेला बॅप्टिस्टला. रुडॉल्फ फोर्टातल्या एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होता. दुसऱ्यांनी काढलेल्या पुलांच्या आणि कालव्यांच्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर अंथरायचा आणि त्यांच्या रेषा शाईने गिरवायच्या, हे काम तो सोळा वर्षं करत होता आणि त्याचा हात एकदाही हलला नव्हता. हात हलत नाही याचं कौतुक कोणाला असतं? बॅप्टिस्ट आठ वर्षं मस्कतला क्रेन चालवून आला होता. त्याने गासमध्ये वाडीत स्लॅबचं घर बांधलं, रंगीत टीव्ही आणला, बेलाच्या हातात चार बांगड्यांच्या सहा झाल्या. रुडॉल्फ आणि रेजिना तुळिंजला दीड खोलीत राहत. यातल्या कशाचंही रुडॉल्फला फारसं वाटलं नव्हतं, निदान तो तसं स्वतःला सांगत असे, कारण सासरी जेवणाच्या टेबलावर एक गोष्ट त्याची होती आणि ती फक्त त्याचीच होती. मासा. खाडीचा नव्हे, समुद्राचा नव्हे. तो काय, कोणीही पैसे टाकून आणतो. गोड्या पाण्याचा, तळ्यातला, बांबूच्या काठीने गरवलेला. सासूबाई होत्या तोवर रविवारी थोरल्या जावयाची वाट बघून मसाला वाटत. मरळ म्हणजे रुडॉल्फ, एवढं सगळ्या पाहुण्यांना ठाऊक होतं. मग बॅप्टिस्ट मस्कतहून काचतंतूची काठी आणि जपानी रीळ घेऊन आला आणि हसत म्हणाला, दादा, मला पण शिकवा. रुडॉल्फने शिकवलं. नाही कसं म्हणणार?

घरी येऊन त्याने दुधी रेजिनाला दिला आणि पाव टेबलावर ठेवले. रेजिना दुधी चिरत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि तिला कळलं, कारण ती म्हणाली की फोटो बघितलात वाटतं. म्हणजे तिला माहीत होतं. मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. बॅप्टिस्टने मंगळवारी मरळ धरली होती आणि बुधवारी मरियेच्या सणाला बेलाने डबा पाठवला होता. रुडॉल्फला तो डबा चांगला आठवत होता. चिंचेचा कोळ, नारळाचं दूध, आणि घट्ट पांढऱ्या मांसाच्या तीन तुकड्या. त्याने तीनही खाल्ल्या होत्या. कुठला मासा म्हणून विचारलं तेव्हा रेजिनाने बाजारातला म्हणून सांगितलं होतं, आणि त्यावर तो म्हणाला होता की आजकाल बाजारातही बरा मासा यायला लागला. आता ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "सणाच्या दिवशी तुमचं तोंड बघवलं नसतं मला, म्हणून नाही सांगितलं." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बोटांनी पाव कुस्करत तो बसला आणि त्याला जिभेवर ती चव पुन्हा आली, चिंचेची आणि तिच्याखालची, चिखलाची थोडीशी, तळ्यातल्या माशालाच असते ती. आपण ती ओळखली नाही. वीस वर्षं मरळ खाणारा माणूस, आणि त्याने स्वतःचीच मरळ ओळखली नाही. होय, स्वतःची. तो तिला तसंच म्हणत होता, मनातल्या मनात, दोन वर्षं.

कारण ओठातली ती खाच रुडॉल्फची होती. हे रेजिनाला ठाऊक नव्हतं, बॅप्टिस्टला नव्हतं, कबुलीघरात फादरनाही त्याने सांगितलं नव्हतं, तिथे सांगण्यासारखं ते पाप आहे की नाही हेच त्याला ठरवता आलं नव्हतं. पावसाळ्यात मरळ पिल्लं घालते. पिल्लं लाल असतात, तांदळाच्या दाण्याएवढी, हजाराने एका जागी, आणि श्वास घ्यायला ती सगळी एकदम वर येतात तेव्हा पाण्याचा तेवढा तुकडा उकळल्यासारखा दिसतो. त्यांच्याखाली आईबाप असतात. महिनाभर ती जोडी तिथून हलत नाही, आणि पिल्लांच्या घोळक्यावर बेडूक पडो, काटकी पडो, गळ पडो, ती त्याच्यावर तुटून पडते. भुकेने नव्हे, रागाने. म्हणजे तेव्हा मरळ धरायला काही कसब लागत नाही. घोळक्यात गळ टाकला की झालं. आणि म्हणूनच तसं करायचं नाही, असं रुडॉल्फचा बाप सांगायचा. पिल्लांवरची मरळ ज्याला दिसेल त्याने काठावर काठी रोवायची आणि काठीला माडाच्या झावळीच्या पातीची गाठ मारायची. ती गाठ दिसली की महिनाभर तिथे गळ नाही. गासमध्ये हिंदू असो, किरिस्ताव असो, तळ्याकाठचं प्रत्येक घर हे पाळत आलं होतं, कोणी लिहून ठेवलेलं नसताना. रुडॉल्फनेही पाळलं होतं, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतल्या एका सकाळपर्यंत. त्या सकाळी त्याला पाण्याचा तो लाल तुकडा दिसला, काठावर अजून काठी नव्हती, आणि आदल्याच रविवारी बॅप्टिस्टने रिळाने अडीच किलोची धरली होती. रुडॉल्फने इकडेतिकडे पाहिलं. त्याने गळ टाकला. ती आली, काठी वाकली, तिचं काळं डोकं आणि पांढरं पोट त्याने इतक्या जवळून पाहिलं की तिचा डोळाही दिसला, आणि मग ओठ फाटून गळ रिकामा हातात आला. तो काठावर खाली बसला. मग तो उठला, माडाची पात तोडली आणि काठीला गाठ मारून ती तिथे रोवली. त्या दिवसापासून तिच्यासाठी तो दर रविवारी जात होता, आणि तिला आपण सन्मानाने धरू, भर उन्हाळ्यात, पिल्लं नसताना, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

शनिवारभर ऑफिसात तो एका पुलाचे खांब गिरवत होता आणि मनात बॅप्टिस्टवर खटला चालवत होता. ऑगस्टच्या मध्यात एवढी मोठी मरळ मोकळ्या पाण्यात मिळत नाही. म्हणजे पिल्लांवर धरली. म्हणजे गाठ मोडली. हे सुचलं तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्याने टाक खाली ठेवला. मत्सर उघडा असला की माणसाला स्वतःची लाज वाटते, पण त्याच्या अंगात नियमाचा सदरा घातला की तो चारचौघांत नेता येतो. रविवारी मिस्सा झाल्यावर जेवायला बेलाकडेच जायचं होतं. टेबलावर सगळ्यांदेखत, आवाज न चढवता, तो विचारणार होता.

त्याने विचारलं. बॅप्टिस्टने लपवलंच नाही, आणि तिथेच सगळं बिघडलं. "पिल्लांवरचीच होती, दादा. झावळीची गाठ बघितली आणि तिथे टाकला. पहिल्याच फेकीला. तुम्हीच नव्हतं का सांगितलंत?" रुडॉल्फने कधी म्हणून विचारलं. बॅप्टिस्टने आठवण करून दिली. बेलाच्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला, अंगणात, मांडवाखाली, विरारची त्याची मित्रमंडळी बसली होती आणि मस्कतच्या गोष्टी चालल्या होत्या. तेव्हा दादांनी ग्लास हातात घेऊन सगळ्यांना तळ्याची माहिती दिली होती, गाठ म्हणजे काय, तिच्याखाली काय असतं, ती कशी अंगावर येते. मंडळी गप्प होऊन ऐकत होती. रुडॉल्फला ते गप्प होणं आठवलं. ते त्याला किती आवडलं होतं तेही आठवलं. पुढचं वाक्य, गळ टाकायचा नाही हे, आपण बोललो होतो का? बोललो असू. बहुधा बोललो होतो. पण तोवर कोणीतरी भाकरी-सुकं वाढायला आलं असेल, आणि मंडळींनी हवं तेवढंच ऐकलं असेल. बॅप्टिस्ट मोकळेपणाने सांगत होता, की त्या विरारच्यांनी या दोन पावसाळ्यांत सगळी तळी पालथी घातली, काठी दिसली की गाडी थांबवायची, चांदीपपर्यंत जाऊन आले, आता कुठेच काही लागत नाही. मग त्याने स्वतःचं जुनं रीळ रुडॉल्फला देऊ केलं. मला दोन आहेत, म्हणाला. बेलाने रुडॉल्फच्या ताटात आणखी भात वाढला. रेजिना नवऱ्याकडे बघत होती. रुडॉल्फने रीळ नको म्हणून सांगितलं आणि त्याचे कान तापले, कारण ते रीळ त्याला हवं होतं.

जेवणानंतर तो एकटाच तळ्यावर गेला. तळ्याच्या उत्तर काठाला द्वारकाकाकींची वाडी लागून होती, केळी आणि पानवेल. काकींचा नवरा आणि रुडॉल्फचा बाप एका काठावर बसून गरवत असत, त्यामुळे रुडॉल्फला त्या लहानपणापासून घरातल्यासारख्या. मंगळवारचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, वाडीतून हाका मारीपर्यंत स्कूटर निघूनही गेली होती. त्या रागावलेल्या नव्हत्या, दमलेल्या होत्या. पूर्वी एका पावसाळ्यात आठ-आठ काठ्या रोवलेल्या असत, बायकांना धुणं धुवायला जागा उरत नसे, असं त्या सांगू लागल्या. गेल्या वर्षी दोन. यंदा एकच, तीही त्यांनीच रोवलेली. लोक म्हणतात शेतांत फवारतात त्या औषधांनी मासे गेले, विहिरींच्या पंपांनी गेले, ते चिलापी मासे कोणी आणून सोडले त्यांनी पिल्लं खाल्ली. "आसेल," काकी म्हणाल्या. "पन गळ तर मानूसच टाकतो ना रे. आनि काठी मीच रोवली. मीच दाखवली त्याला." दाखवलं मी, हे शब्द रुडॉल्फच्या तोंडात होते, पण ते तिथेच राहिले. वीस वर्षांत आपण या तळ्यातून किती मरळी नेल्या असतील, असा विचार त्याच्या मनात आला. दर रविवारी एक धरली तरी. तो आकडा त्याने पुरा होऊ दिला नाही, आपण नियमाने धरल्या, असं म्हणून तो मध्येच सोडून दिला.

मग काकींनी त्याला हाताने खूण केली आणि पानवेलीच्या मांडवाखालून, चिखलातून, तळ्याच्या त्या टोकाला नेलं जिथे केवडा पाण्यावर वाकलेला होता आणि जिथे कोणी बाहेरचा येत नसे. थांब, म्हणाल्या. दोघं थांबली. पाण्यावर काही नव्हतं, शेवाळ आणि केवड्याची सडलेली पानं. मग केवड्याच्या बुडाशी पाणी लाल झालं आणि उकळलं आणि पुन्हा शांत झालं, आणि त्याच्या बाजूला एक मोठं काळं डोकं वर आलं, एक घोट हवा घेतली आणि बुडालं. जोडीतली एक गेली होती, दुसरी उरली होती. ती पिल्लांना घेऊन मंगळवारच्या जागेवरून तळं ओलांडून इथे आली होती, चिलाप्यांच्या मधून, एकटीने. काकी कुजबुजत सांगत होत्या, की या खेपेला इथे काठी रोवली नाही, कोणाला बोलले नाही, सुनेलासुद्धा नाही. "तुलाच दाखवते. तू जानतोस. त्या साली तूच गाठ मारली होतीस, मी वाडीतून बघत होते. पंधरा दिवस राख तिला, मंग पोरं आपली आपन जगतील." काकींनी काय बघितलं होतं त्या वर्षी? गाठ मारताना बघितलं, त्याच्या आधीचं नाही. रुडॉल्फने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिथे विश्वासाशिवाय काही नव्हतं, आणि तो राखतो म्हणाला.

सोमवारी तो फोर्टात गेला नाही. रजेचा निरोप शेजारच्या प्लासिडकडे दिला आणि सकाळी सायकलने रेल्वेचं फाटक ओलांडून गासला आला. बांबूची काठी त्याने बरोबर घेतली होती. नुसतंच केवड्यात बसलेला माणूस कोणाला दिसला तर विचारपूस होईल, काठी असली की कोणी विचारत नाही, म्हणून. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला बेडूक होता. काठी आहे म्हटल्यावर बेडूक असायला हवा. हे सगळं त्याने सायकलवर स्वतःला समजावून सांगितलं होतं आणि स्वतःला ते पटलंही होतं. ऊन आलं. पिल्लं वर आली, खाली गेली. मरळ प्रत्येक वेळी त्यांच्या डावीकडे येत होती, मग उजवीकडे, आणि मध्ये तिचं एक अर्धवर्तुळ होत होतं, इतकं नेमकं की रुडॉल्फचं बोट हवेत ती रेषा गिरवायला लागलं. काय राखण होती ती. कोणी बघत नव्हतं, कोणी वाखाणत नव्हतं, आणि ती एक घोट हवा घेऊन पुन्हा कामाला लागत होती. एक चिलापी जवळ आली आणि पाणी फुटलं, चिलापी उलटीपालटी होत गेली. रुडॉल्फला हसू आलं. वाहवा, असं तो पुटपुटला. मग दूर रस्त्यावर स्कूटरचा आवाज आला.

ती बॅप्टिस्टची नव्हती. आवाज आला तसा गेला. पण तेवढ्या वेळात रुडॉल्फच्या मनात बॅप्टिस्ट वाडीतून खाली उतरला होता, रीळ घेऊन, हसत, दादा तुम्ही इथे म्हणत. आज नाही तर उद्या तो उतरणारच होता, किंवा विरारचे उतरणार होते. त्यांना वास लागतो. पंधरा दिवस रुडॉल्फला रजा कोण देणार? मग हीसुद्धा त्याच्याच हातावर आडवी होणार, बेला पुन्हा डबा पाठवणार, आणि रेजिना पुन्हा खोटं बोलणार, दयेने. दया. त्या शब्दाशी तो अडखळला. त्याला बॅप्टिस्टचा राग येत नव्हता, हे त्याला तिथे, केवड्याच्या वासात, पहिल्यांदा स्पष्ट कळलं. त्याला बॅप्टिस्टचं असणं हवं होतं. त्याची स्कूटर, त्याचं मोकळं हसणं, नियम मोडून निवांत झोपणं, सगळं. आणि ते मिळणार नसेल तर निदान त्याचं होण्याआधी काहीतरी घ्यायला हवं होतं. त्याने फडकं सोडलं. बेडूक गळाला लावताना त्याचा हात हलला नाही.

फेक चांगली पडली, लाल घोळक्याच्या बरोबर मध्ये. ती लगेच आली. तिच्यात वाकडं काही नव्हतं, डाव नव्हता, ती सरळ आली, जशी यायची तशी, आणि बांबू वाकला आणि या वेळी काही फाटलं नाही. चिखलात तिला ओढून घेतल्यावर त्याने तिला गुडघ्याखाली दाबून धरलं आणि वितीने मोजलं. दोन विती आणि चार बोटं. दीड किलो, फार तर पावणेदोन. आता वाटत होतं ते दुःख होतं की नुसती निराशा हे त्याला बघायचं नव्हतं. बॅप्टिस्टची हिच्या दुप्पट होती. पिशवीत टाकल्यावरही ही श्वास घेत राहिली. केवड्याखाली पिल्लं वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आता जरा विस्कटून, आणि त्यांच्या कडेला पाण्यात चिलाप्यांच्या राखाडी पाठी दिसू लागल्या, एक, तीन, मग बऱ्याच. रुडॉल्फ बघत राहिला. दगड मारून हाकलावं असं त्याला वाटलं, एक दगड त्याने उचललाही. किती मारणार?

पानवेलीच्या मांडवातून द्वारकाकाकी चहा घेऊन आल्या. स्टीलचा पेला पदराने धरला होता. रुडॉल्फने पिशवी पाठीमागे सरकवली आणि तिच्यावर मांडी टेकवली, मांडीखाली ती एकदा जोरात हलली. काकी अंतरावरच थांबल्या, पायरव नको म्हणून, आणि हळूच विचारलं, "हाय ना ती?"

"आहे," रुडॉल्फ म्हणाला.

कोणी आलं होतं का, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही, म्हणाला. मग त्या जवळ येऊन पेला त्याच्या हातात देऊन खाली बसल्या, पाय लांब केले, आणि म्हणाल्या की काल त्यांना बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली. चहात गूळ होता. रुडॉल्फ पाण्याकडे न बघता तो पीत होता, आणि एक विचार त्याच्या मनात हळूहळू वर येत होता, तो त्याने दोनदा खाली ढकलला तरी आला. या तळ्यात आता मरळ उरली नव्हती. बॅप्टिस्टने कसलंही रीळ आणलं, कितीही रविवार घालवले, तरी त्याला इथे पुन्हा एकही मिळणार नव्हती, लहान नाही, मोठी नाही, कधीच नाही. रुडॉल्फने काकींकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटत आले होते. त्याला बरं वाटत होतं.